वादीत राहिलेला अर्धा पाटा

मित्रांनो, मी एका जुन्या ट्रकचा पाटा आहे. खरं सांगायचं तर अर्धाच. माझा दुसरा अर्धा इथे आखातात, रुस्ताक गावाच्या अलीकडे एका वादीत, म्हणजे डोंगरी नदीच्या कोरड्या पात्रात, दगडांखाली कुठेतरी पडला आहे. त्यामुळे माझी गोष्टही अखंड येणार नाही. जिथे ती तुटेल तिथे समजून घ्या, की तो भाग त्याच्याजवळ राहिला.

पाटा म्हणजे चाकावरची लोखंडी कमान. आम्ही सात जण एकावर एक रचलेले असतो. खड्डा आला की आम्ही वाकतो, म्हणून गाडी चालवणाऱ्याची कंबर शाबूत राहते. मी सगळ्यांत वरचा, दोन्ही टोकांना गोल कान असलेला. मी मूळ कंपनीचा नव्हतो. ट्रकबरोबर आलेला पाटा थकला, तेव्हा गाला नावाच्या गॅरेजवस्तीतल्या एका दुकानातून मला आणलं. खोक्यावर नाव नव्हतं. पण माझं पोलाद चांगलं होतं. ही बढाई नाही.

मला बसवलं सदानंदने. तो देवरुखकडचा मेकॅनिक, गालात बांधकामाचं सामान विकणाऱ्या कंपनीच्या गॅरेजात होता. ट्रक चालवायचा लोकेश. तो सदानंदच्या धाकट्या बहिणीचा, रश्मीचा नवरा. रश्मी गावी असायची.

रोज सकाळी लोकेश स्पॅनरने टायर ठोकून बघायचा आणि जाता जाता एक टोला मला द्यायचा. मी टण्ण वाजायचो.

"तुझ्या बहिणीपेक्षा हा बरा, दादा," लोकेश म्हणायचा. "एका हाकेत ओ देतो."

"कळवू का तिला, भावोजी?"

"नको बाबा. सुट्टीला घरी जायचंय मला."

त्या दोघांच्या हसण्यात माझा टण्ण मिसळून जायचा. माझ्या आयुष्यातलं कौतुक ते तेवढंच. पुरेसं होतं.

मग हिवाळा आला. इथल्या हिवाळ्यात बर्फ पडत नाही. वारा समुद्र उचलून रस्त्यावर टाकतो. चार सरी पडल्या की किनाऱ्यालगतची सबखा, म्हणजे खारट जमीन, चिखल होऊन चाकांना चिकटते. आणि डोंगरात पाऊस झाला की कोरड्या वाद्या धावू लागतात.

सदानंदला काळजी वाटली. त्याने त्याच्या गावची रीत काढली. तिकडे पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला जळकं ऑइल फासतात. त्यानेही ब्रश घेतला आणि आम्हा सातही जणांना काळंभोर न्हाऊ घातलं. फटींतसुद्धा सोडलं. मला ते फार आवडलं. कुणी इतक्या मायेने मला कधीच हात लावला नव्हता.

पण गावच्या पावसात मीठ नव्हतं. इथे वाळू आली, ती तेलाला चिकटली. वाळूबरोबर मीठ आलं. मिठाने धुक्यातला ओलावा धरून ठेवला. वरून मी काळा, तुकतुकीत दिसत होतो. आतून गंज मला खात होता. पुढच्या हिवाळ्याआधी सदानंदने त्याच थरावर दुसरा थर दिला.

एका सकाळी लोकेशने टोला दिला आणि मी थप्प वाजलो.

"दादा, हा आज बोलत नाही रे."

सदानंद खाली वाकला, बोटाने तेल चाचपलं. "एवढं ऑइल पाजलंय, आवाज कसा येईल? हे कवच आहे, भावोजी. बिनधास्त जा."

लोकेशने पुन्हा एकदा ठोकलं. थप्प. मित्रांनो, मी ओरडत होतो. माझं ओरडणं तसंच होतं.

दुपारी रुस्ताकच्या अलीकडे वादी नुकती वाहू लागली होती. पाणी घोट्याएवढंच. पुढच्या दोन गाड्या सहज पार गेल्या. लोकेशने ट्रक पाण्यात घातला. मधोमध एका दगडावरून डावं चाक उतरलं आणि मी

(हे त्याच्याजवळ आहे.)

चाक आडवं वळलं एवढं मला माहीत आहे. ट्रक रस्त्यावरून उतरला. डोंगराकडून पाण्याचा मोठा आवाज येत होता. लोकेशने दार

(हेही.)

लोकेशचा देह तिसऱ्या दिवशी सापडला.

मला गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगलं. येईल त्याला सदानंद दाखवायचा. "बाहेरचा माल. यानं माझा माणूस खाल्ला." रश्मीलाही त्याने फोनवर हेच सांगितलं. मी ऐकत राहिलो. धुकं आलं की माझं नसलेलं टोक गार पडतं. त्याच्यावरून पाणी जाताना मला इथे भिंतीवर ऐकू येतं. त्या पाण्यात कुणीतरी हात फिरवून काहीतरी शोधत असतं.

आणि सदानंद? तो आता इतर ट्रकना दुप्पट ऑइल फासू लागला. एका वर्षात पाच ट्रक.

यंदाच्या जानेवारीत किशोरी आली. ती नागपूरची इंजिनिअर, गाड्या तपासायला कंपनीने नवीनच नेमलेली. तिने मला खिळ्यावरून काढलं.

"काका, हा इथे कशाला टांगलाय?"

"डुप्लिकेट आहे, मॅडम. कळावं सगळ्यांना."

तिने माझी तुटलेली बाजू उन्हात धरली. बराच वेळ बघितली. "हे बघा. एवढा भाग चकाकतोय, तो त्या दिवशी तुटला. हा बाकीचा तपकिरी, तो आधीपासून तुटत आला होता. कित्येक महिने. पोलाद चांगलं आहे, काका. वरून काय लावलं होतं याला?"

बाहेर जनार्दन या दुसऱ्या ड्रायव्हरने त्या पाचांतला एक ट्रक सुरू केला होता. डोंगरात ढग होते.

"सदाभाऊ, येतंय मी! दुपारपर्यंत रुस्ताकाक पोचाचा आसा."

सदानंद धावला. ट्रकसमोर उभा राहिला. इंजिन बंद करायला लावून छिन्नी घेऊन तो चाकामागे शिरला. तेल आणि वाळूचा तळहाताएवढा पोपडा खाली पडला. मग दुसरा. त्याखालचं लोखंड वहीच्या पानांसारखं सुटत होतं, आणि वरच्या पाट्यावर केसाएवढी चीर होती.

"चावी दे, जना."

"अरे पण मालक, आपलो अर्बाब, काय म्हणात?"

"चावी दे."

चावी मुठीत धरून तो आत आला आणि माझ्या शेजारी बसला. फोन लावला.

"रश्मी, पाटा चांगला होता गं."

ती म्हणाली, "दादा, मग तुटला कशानं?"

मित्रांनो, वर्षभर मला एकच हवं होतं, माझ्यावरचा आळ जावा. तो गेला, आणि त्या माणसाचा चेहरा बघून वाटलं, राहिला असता तरी चाललं असतं. पण उरलेले चार ट्रक अंगणात उभे होते. म्हणून तुम्हाला विनवतो. ज्याला जपता त्याच्यावर नुसते थर चढवू नका. कधीतरी ते खरवडून आत बघा. त्याचा आवाज बदलला, तर त्याला आधी थांबवा.

"माझ्या हातानं," सदानंद म्हणाला.