कोपाईची वाम

आमच्या निकेरातोसदादाला अथेन्सच्या वेशीबाहेरच्या, साध्या जगण्यातलं सुख शिकवणाऱ्या तत्त्वज्ञांच्या त्या बागेचं वेड लागलं, तेव्हा सगळ्यात खूश झाली ती मिर्तोवहिनी. नवरा चौकात भांडत बसण्यापेक्षा झाडाखाली बसतो, एवढंच तिला कळलं. पुढे घरात दोन्ही वेळेला जवाची भाकरी, ऑलिव्ह आणि पाणी सुरू झालं. भुकेल्याला याहून मोठं सुख नाही, असं दादा जेवता जेवता ऐकवायचा. मी विधवा, भावाच्या आश्रयाला; तरी माझी जीभ गप्प बसायची नाही. सुख असं ताटात वाढून समजावावं लागतं का रे, असं मी विचारायची आणि वहिनी तोंडावर हात धरून हसायची.

हिवाळ्यात वहिनीनं अंथरूण धरलं. अन्नावरची वासनाच उडाली. वैद्यानं हात टेकल्यावर एका सकाळी तिनं आपणहून मागितलं: कोपाईच्या तळ्यातली वाम, बीटाच्या पानात भाजलेली, तिच्या माहेरी करायचे तशी. मी टोपली घेऊन बाजारात निघालेही. दादानं दारात अडवलं आणि तिच्या उशाशी जाऊन बसला.

"आज खाल्लीस की उद्या पुन्हा हवीशी वाटेल," तो म्हणाला. "कशाला जीव अडकवून घेतेस?"

"उद्याचं कुणाला पडलंय हो," ती म्हणाली. "आज तोंडाला चव येईल."

वाम आली नाही. आठवडाभरात वहिनी गेली.

दर महिन्याच्या विसाव्या दिवशी बागेतली माणसं एकत्र जेवतात. गेलेल्यांच्या गोड आठवणी सांगायच्या, रडायचं नाही, अशी त्यांची रीत. दादा मलाही घेऊन गेला. पानात चक्क मासे होते, वर वाइन. दादाची पाळी आली, तर त्याला वामीशिवाय काही आठवेना. त्यानं तेच सांगितलं.

"मासा खायचा नाही, असं तुला इथं कुणी सांगितलं?" म्हातारा देमोफोन हळूच म्हणाला. "आम्हाला बोलवायचंस, बाबा. तिच्याबरोबर बसून आम्हीही खाल्ली असती."

दादानं हातातला घास खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी वाम आणली, पानात गुंडाळून भाजली आणि वहिनीच्या थडग्यावर ठेवून आले. दादा तिथं कधी जात नसे. मेल्यावर माणसाला काही कळत नाही, यावर त्याचा पक्का विश्वास. वेशीपाशी मी मागे वळून पाहिलं, तर एक लंगडं कुत्रं पानासकट सगळं ओढून नेत होतं. मी त्याला हाकललं नाही. माझं मन निवलं होतं. दादाला एवढंही करता येत नाही, हे तेव्हा लक्षात आलं. इतके दिवस मला त्याचा नुसता राग येत होता.

तो अंगणात बसला होता. माझ्या हातांना अजून वास येत होता, तो त्याला कळला.

"थडग्यावर गेली होतीस?"

मी हो म्हटलं.

"तिनं खाल्ली का गं?"

टोमणा अगदी ओठांवर आला होता. तो मी गिळला.

"काही उरलं नाही, दादा."