स्विचबोर्डाभोवतीचा रंग

मोठ्या शहरातली राहती जागा रंगारी दादाने विकली, ती धाकट्या भावाच्या भरवशावर.

"दादा, तेवढ्या पैशात इथे माझ्या गावात दोन घरं येतात! एकात राहा, दुसरं भाड्याने दे, आणि ब्रश टाक माळ्यावर."

"तू आतून बघितलीस ना?"

"नाही रे, किल्ली दलालाकडे असते. पण झकास आहेत म्हणतात."

ब्रश माळ्यावर गेले. महिनाभरात भाड्याच्या घरातल्या भिंतीला फुगे आले. दादाने पापुद्रा ओढला, तर आत छतापर्यंत काळी ओल. बघायला आलेला भाडेकरू नाक दाबून परत गेला.

"दलालाने गळ्यात मारलं," बायको म्हणाली. "भाऊजींना बोलवा. ते धरतील त्याची मानगूट!"

(गोष्ट इथेच संपती तर बरं होतं. शिव्या दलालाला देऊन मोकळं होता आलं असतं. पण दादा रंगारी होता.)

तो स्विचबोर्डाभोवतीचा रंग बघत होता. कडेला रंग साचू नये म्हणून शेवटी ब्रश उचलून दिलेला छोटा फटकारा. पद्धत दादाचीच, पण फटकारा डाव्या हाताने मारलेला. तो त्याने एकाच डावखुऱ्याला शिकवला होता, हात धरून.

तेवढ्यात धाकट्याचा फोन वाजला. "काय दादा, मिळाला का भाडेकरू?"

"मिळेल. तू येऊन पुन्हा रंग दे. ओल झाकायला तुझा हात चांगला बसलाय."



"दादा, ऐक तरी..."

दादाने फोन ठेवला, स्टूल ओढलं आणि माळ्यावरचे ब्रश खाली काढले.