बिनफटीचं कपाट

माझे सासरे, म्हणजे मामंजी, कपाटं करायचे. सगळी हयात त्यातच गेली. त्यांच्या कपाटाचं दार लावलं की आतली हवा दबून 'हुफ्' असा हलका आवाज यायचा आणि तेवढ्यावर गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. पुढं वय झालं, हात थरथरायला लागले. त्यांनी केलेला एक ड्रॉवर अडकायला लागला, तेव्हा कारखान्यात त्यांच्याच हाताखाली काम करणाऱ्या माझ्या नवऱ्यानं त्यांना न सांगता तो खोलून पुन्हा केला. मामंजींना ते कळलं गिऱ्हाइकाच्या तोंडून. त्या दिवशी घरी आले, चपला काढल्या आणि परत कारखान्यात म्हणून गेले नाहीत. बापलेकांत भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं सासूबाई म्हणायच्या. जेवताना मीठ हवं असलं तरी दोघं एकमेकांकडे न मागता माझ्याकडे मागायचे.

अशात एका सकाळी मामंजींनी जाहीर केलं, "मी घरी मांस धुरावणार."

शेजारचा खाटीक त्यांचा दोस्त. मंद धुरात दिवसभर टांगलेल्या मांसाची चव काय असते, हे त्यानं इतक्यांदा रंगवून सांगितलं होतं की मामंजींच्या डोक्यात ते बसलंच.

"तुम्हाला साधा चहा करता येत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"चहाला कपाट लागत नाही. याला लागतं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मांस हे निमित्त होतं. मुलाला बोट ठेवायला जागा मिळणार नाही, असं एक कपाट त्यांना करून दाखवायचं होतं.

परसात त्यांचं काम सुरू झालं. हात थरथरायचे तेव्हा थांबायचे, कोपर गुडघ्यावर टेकवायचे आणि पुन्हा रंधा धरायचे. एकेक सांधा तीन-तीनदा तासला. फट राहू नये म्हणून दाराच्या कडेला आतून नमद्याची, दाबलेल्या जाड लोकरीची, पट्टी लावली. खाटीक येऊन बघून गेला.

"छान आहे, पण खाली हवेला एक भोक हवं, वर धुराला एक."

"माझ्या कपाटाला भोक?" घराण्याचं नाक कापायला सांगितल्यासारखे मामंजी उसळले. "धूर आतच हवा ना तुला? मग त्याला बाहेरचा रस्ता कशाला?"

"तुम्ही कपाटवाले, मी आपला सुरीवाला," असं म्हणून खाटीक निघून गेला.

ठरल्या दिवशी मीठ लावून मुरवलेले मांसाचे मोठे तुकडे वरच्या सळईला टांगले. तळाशी पत्र्याच्या घमेल्यात निखारे, त्यावर लाकडाचा भुसा. मामंजींनी दार लावलं. हुफ्. आणि स्टूल घेऊन समोर बसले.

दुपार झाली तरी धुराचा एक धागा बाहेर आला नव्हता.

"पेटलंय की विझलंय?" सासूबाईंनी खिडकीतून विचारलं.

"आत आहे सगळं. तुझ्यासारखं बाहेर डोकावत नाही."

तेवढ्यात माझा नवरा जेवायला घरी आला. परसात येऊन कपाटासमोर थांबला. कित्येक महिन्यांनी मामंजी थेट त्याच्याशी बोलले.

"फट शोध."

त्यानं खिशातून कागद काढला, त्याची पट्टी फाडली आणि दाराच्या कडेनं सगळीकडे सरकवून पाहिली. पट्टी कुठंच आत जाईना. मग तळहात फिरवला. एकदा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

"नाही," शेवटी म्हणाला. "असं कपाट मला जमायचं नाही, बाबा."

मामंजींचा चेहरा इतका उजळलेला मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता. "मग आता आतलं बघ," असं म्हणत त्यांनी दार ओढलं.

भप्प!

कुणी ओली चादर जोरात झटकावी तसा आवाज. बाहेरची हवा मिळताच कोंडलेला सगळा धूर एका क्षणात पेटला, ज्वाळेचा लोळ दारातून बाहेर आला आणि नाहीसा झाला. मामंजी स्टुलासकट मागं पडले. भुवया नव्हत्या. हातांवरची कातडी लाल होऊन चमकत होती. सासूबाई खिडकीत तशाच, हातातला पेला तिरका, त्यातलं पाणी खाली गळतंय. नवरा दाराच्या बाजूला, कागदाची पट्टी धरून पुतळ्यासारखा उभा.

"मला दिसत नाहीये," मामंजी म्हणाले, किती वाजले विचारावं इतक्या साध्या आवाजात.

त्या आवाजानं मी हलले. नळाखाली त्यांचं तोंड आणि हात धरले. पाणी किती वेळ वाहत होतं, देव जाणे.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांवर आणि दोन्ही हातांवर पट्ट्या बांधल्या. पापण्या भाजल्यात, डोळे वाचलेत, म्हणाल्या. ते ऐकून सासूबाई त्यांच्या खाटेजवळ जाऊन बसल्या.

बाहेरच्या बाकावर नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "हवेला वाट हवी होती. हात फिरवला तेव्हाच कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"पुन्हा मीच चूक काढू?"

तो उठला आणि सरळ आत गेला. मी मागं धावले. नको, आत्ता नको, असं म्हणेपर्यंत तो बोलायला लागलाही होता.

"बाबा, तुमच्या कपाटाला भोक हवं होतं. मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. ड्रॉवर अडकत होता, तेव्हाही तुमच्याशी बोललो नाही."

पट्ट्यांखालचा चेहरा कसा झाला ते कळायला मार्ग नव्हता. सासूबाईंनी माझा हात घट्ट आवळला.

"आत्ता सांगतोयस," मामंजी म्हणाले. "भाजल्यावर."

"हो."

मग बांधलेला हात त्यांनी अंदाजानं त्याच्या दिशेनं उचलला.

"माझे हात आता महिनाभर गेले. भोकं तू पाड. मी बाजूला बसून सांगेन, कुठं ते. आणि मी चुकीचं सांगितलं, तर तिथल्या तिथं बोल."