हंबीरी नव्हे, लालबीची

मी एक म्हातारी कुत्री आहे, मित्रांनो, आणि गोड बोलणं मला जमत नाही. आमच्या जातीला आज मुरगूडपासून कोल्हापूरपर्यंत सगळे ‘हंबीरी’ म्हणतात. रुंद छाती, आखूड कान, राखणीला कडक, असं कौतुकही करतात. ते नाव ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ज्यांच्यावरून ते पडलं, त्या इनामदार हंबीररावांनी जन्मात कधी कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. ही जात लालबीची आहे.

लालबी मुरगुडात गावकुसाबाहेर राहणारी विधवा बाई. शेरडं पाळून पोट भरायची. एकदा चोरांनी मटणात विष घालून तिची दोन्ही कुत्री मारली आणि शेरडं हाकलून नेली. लालबी ऊर बडवून रडली, आणि मग पदर खोचून कामाला लागली. तिनं धनगराच्या तळावरून एक कुत्री आणली. संस्थानच्या शिकारीत जायबंदी झालेला, कुणालाच नको असलेला एक लंगडा शिकारी कुत्राही आणला. त्यांची पिल्लं, त्यांतली निवडक, मग त्यांची पिल्लं, असं करता करता मी जन्मले. मी भुंकले की शेजारची म्हैस दावं तोडायची, म्हणजे बघा!

विषाचा धसका मात्र लालबीच्या मनातून गेला नाही. म्हणून तिनं आम्हाला एक वळण लावलं. भाकरीचा पहिला घास ती आमच्या समोर स्वतः खायची आणि उरलेली आम्हाला द्यायची. दुसऱ्या कुणी काहीही पुढं टाकलं तरी हुंगायचंसुद्धा नाही. पिल्लू न्यायला कुणी आलं, की लालबी घास खाऊन तीच भाकरी पाहुण्याच्या हातात द्यायची. त्यानंही त्यातला एक घास खायचा आणि मग पिल्लाला चारायचं. तिथून पुढं पिल्लू त्याच्या हातचं खाई. कोडोलीच्या पिराजीनं तर हसत हसत अर्धी भाकरी संपवली होती.

मग हंबीरराव इनामदार आले. त्यांना माझा बादल हवा होता. तो माझा सगळ्यात देखणा लेक. लालबीनं घास खाल्ला आणि भाकरी पुढं केली.

“तुझं उष्टं मी खाऊ?” हंबीरराव गरजले. “डोस्कं ठिकाणावर हाय का?”

“एवढा एकच घास, सरकार. न्हायतर त्यो तुमच्याकडं काय खायाचा न्हाय.”

“उपाशी ऱ्हायलं की झक मारत खाईल!”

कोल्हापूरच्या गादीवरचे महाराज शिवाशिव मोडा म्हणून सांगत होते. त्यांच्यापुढं हंबीरराव मान डोलवत असतील. मुरगुडात मात्र त्यांनी बादलच्या गळ्यात साखळी अडकवली आणि फरफटत नेलं.

बादलनं तिथं दुधाला तोंड लावलं नाही, मटणाकडं पाहिलं नाही. इनामदारांची भांडी घासणारी धोंडुबाई एक दिवस धापा टाकत आली. “लालबी, चल की बाई! पोराच्या बरगड्या दिसाय लागल्यात. माझ्या हातचंबी खाईना. सरकार म्हंत्यात, त्याची खोड मोडूनच दावतो.”

लालबी भाकरी घेऊन पळत सुटली. मी मागोमाग.

“सरकार, तुमी नगा खाऊ,” ती दाराबाहेरून हात जोडून म्हणाली. “मी चार घास चारते आन् जाते. पोरगं मरंल हो!”

“मेलं तर माझं मरंल. तू पायरी चढू नगंस.”

आतून बादलला तिचा आवाज कळला. तो उठला, साखळीला हिसका देऊन पुढं आला आणि तिथंच कोसळला. मी भुंकत आत घुसले, तर गड्यानं माझ्या कमरेत काठी घातली. लालबी भाकरी हातात धरून पायरीखाली उभी राहिली. बादल तिच्याकडं बघत बघत मेला.

त्याला त्यांनी ओढ्यात फेकलं. लालबीनं त्याला पदरात उचलून आणलं आणि गोठ्यामागं पुरलं. मी ती माती किती तरी दिवस चाटत होते.

पुढच्या खेपेला मी व्याले, तेव्हा हंबीररावांची माणसं आली आणि नुकते डोळे उघडलेली माझी सगळी पिल्लं उचलून घेऊन गेली. “ह्यास्नी अजून तुझी खोड लागल्याली न्हाय,” म्हणाली. शहाणी झाली होती ना! लालबी आडवी पडली, शिव्याशाप दिले, पण उपयोग काय? पिल्लं तिथं वाढली, नावाजली. पाहुणे विचारत, जात कुठली? हंबीरराव मिशीवर ताव देऊन सांगत, “आमची. हंबीरी.”

लालबी साथीच्या तापात गेली. मीही आता फार दिवसांची नाही. मित्रांनो, कुत्रं जरूर पाळा. त्याला पाणी द्या, ऊन लागू देऊ नका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी एवढंच सांगते. ज्या घरचा घास तुमच्या घशाखाली उतरत नाही, त्या घरचं पिल्लू उचलू नका.