दोनऐवजी चार

डाव्या पायाचा बूट बरोबर. उजव्या पायाचा नाही.

लाल, काळी, पिवळी, हिरवी.

गोंदाच्या टेबलापाशी एक स्टूल रिकामं आहे. त्याचा एक पाय आखूड, म्हणून खाली चामड्याची चकती सरकवलेली.

"दुपारनंतर लक्ष नसते."

मोटर फिरते आहे. सगळे म्हणतात, फिरते आहे ना?

तीन मिलिमीटर. गव्हाच्या दाण्याची रुंदी, फार तर.

पाठीमागे धरलेले दोन हात.

आता हे ओळीनं लावू, कारण जिच्यावर हे बेतलं तिला ओळीतलं एक भोकसुद्धा इकडचं तिकडे झालेलं खपत नसे.

बुटाच्या वरच्या चामड्यावर बारीक भोकांची नक्षी पाडणारं एक मशीन होतं. कारखाना या जागेत आला तेव्हापासून त्यावर एकच बाई बसायची. तिला सगळे सुईवाली म्हणत. मशीनच्या डोक्याला सुई होती, आणि बाईच्या बोलण्यालाही, असं फोरमनचं मत. सकाळी पहिलं काम म्हणजे डोकं शून्यावर नेणं. ते सरकत कोपऱ्यातल्या बटणाला टेकायचं आणि तिथून मोजायला लागायचं. मग दिवसभर ते कुठे आहे हे बघायचं नाही, फक्त पावलं मोजायचं. हजार पावलं डावीकडे, हजार उजवीकडे. मोजणी चुकली तर त्याला कळायचं नाही. ते आपलं बिनधास्त चुकीच्या जागी भोकं पाडत बसायचं.

एका सोमवारी मोटरला हुकूम देणारा ड्राइव्ह जळाला. नवा दुसऱ्या कंपनीचा आला. तो बसवायला मेव्हणा आला. तो फोरमनच्या बायकोचा सख्खा भाऊ आणि कारखान्याचा वायरमन, म्हणून तो सगळ्यांचाच मेव्हणा. त्यानं वायरी जोडल्या, बटण दाबलं आणि डोकं डावीकडे जायचं ते उजवीकडे पळालं. मेव्हणा हसला. ड्राइव्हकडे वायरींच्या दोन जोड्या जात होत्या, लाल-काळी दिशेची, पिवळी-हिरवी पावलांची. त्यानं लाल आणि काळीची अदलाबदल केली, आणि हात लावलाच आहे तर म्हणून पिवळी आणि हिरवीचीही केली. डोकं निमूट डावीकडे गेलं. फोरमननं टाळी वाजवली.

सुईवाली शेजारीच उभी होती. दिशा उलटली तर दिशेची जोडी फिरवायची, पावलांची कशाला, असं तिनं विचारलं. मेव्हण्यानं पेचकस खिशात टाकत म्हटलं, जोडीनं राहू दे, शोभून दिसतं. वायरी झाकणाऱ्या पॅनेलला कुलूप लागलं. किल्ली फोरमनच्या पट्ट्याला.

पुढचे तीन आठवडे म्हणजे फोरमननं तिच्या नावे फायलीत लावलेले दोन कागद.

चिठ्ठी पहिली. सकाळचे डाव्या पायाचे तुकडे ठीक. दुपारचे उजव्या पायाचे वाकडे. कारण: दुपारनंतर लक्ष नसते.

चिठ्ठी दुसरी. वरीलप्रमाणे.

ते 'वरीलप्रमाणे' वाचून तिच्या डोक्यात तिडीक गेली. माणसाची अब्रू काढायची तर निदान नवं वाक्य लिहायचे कष्ट घ्यावेत. तिसरी चिठ्ठी शुक्रवारी लिहायची होती, आणि तिसरी मिळाली की मशीनवरून उठवायचं, गोंदाच्या टेबलावर बसवायचं, असा नियम होता.

गोंदाच्या टेबलावर तिची नणंद बसायची. तिनं ते आखूड पायाचं स्टूल आतापासूनच पुसून ठेवलं होतं.

"या वहिनी," ती म्हणायची, "घरात एकत्र, इथंही एकत्र. दादाला सांगू, दोघी चिकटल्या."

सुईवाली हसायची नाही. गोंदाला तिची ना नव्हती, नणंद तर तिची जिवाभावाची. पण त्या टेबलावर जायचं ते लक्ष नसलेली बाई म्हणून, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. तिचं लक्ष नव्हतं? पहिल्या तुकड्यापासून नक्षी हळूहळू उजवीकडे सरकते, दर तुकड्याला केसाहून कमी, दर पन्नास तुकड्यांना गव्हाच्या दाण्याएवढी, हे लक्ष नसताना दिसलं होतं?

तिनं फोरमनला सांगितलं. तो म्हणाला, डोकं ओढणारा पट्टा सैल असेल. पट्टा आवळला. मग म्हणाला, चामडं दमट असेल. चामडं बदललं. मग म्हणाला, तुकडा लावताना तुझा हात हलतो. आता हात काही आवळता येत नाहीत आणि बदलताही येत नाहीत, त्यामुळे खापर तिथेच फोडून तो मोकळा झाला. वायरी बघा, असं ती म्हणाली तेव्हा त्यानं मान वळवून मोटरकडे बोट केलं. फिरते आहे ना? वायर चुकली असती तर फिरली असती का?

हे वाक्य तिनं नंतर निदान सात जणांकडून ऐकलं. गेटवरच्या माणसानंही ते म्हटलं, आणि त्यानं ते मशीन कधी पाहिलंही नव्हतं.

तिनं दुपारी गुपचूप दोनदा डोकं शून्यावर नेऊन पाहिलं, तर पुढचे तुकडे सरळ आले. अर्ध्या मिनिटाचं काम. पण मशीन थांबल्याची नोंद आपोआप होते, आणि दुसऱ्या चिठ्ठीला तीच नोंद टाचलेली होती. काम सरळ केल्याचाही गुन्हा झाला.

मग तिनं कचऱ्याच्या पेटीतून नव्या ड्राइव्हचं माहितीपत्रक काढलं. आठ घड्यांचं, तेलकट. अक्षरं तिच्या भाषेतली नव्हती, पण चित्रं होती. रात्रीच्या भाकऱ्या नणंदेवर सोपवून ती तीन संध्याकाळी त्यावर बसली, आणि जे कळलं ते तिनं नणंदेला दोन वाट्या घेऊन समजावलं. एक जोडी सांगते, पाऊल टाक. दुसरी सांगते, इकडे किंवा तिकडे. आधी बाजू ठरायला हवी, मग पाऊल पडायला हवं. पावलाची जोडी सरळ असेल तर इशारा सुरू होताच पाऊल पडतं. उलटी लावली तरी पाऊल पडतंच, म्हणून मोटर फिरते. पण ते इशारा संपताना पडतं. तेवढ्यात कधीकधी बाजू बदललेली असते, आणि ते शेवटचं पाऊल भलतीकडे जातं.

"म्हणजे वळताना पाय घसरतो," नणंद म्हणाली.

"दर वळणाला नाही. एकाच बाजूच्या वळणाला. म्हणून तर भरून निघत नाही, साचत जातं."

"आणि हे त्या मेव्हण्याला माहीत नाही?"

सुईवालीनं वाट्या उचलून ठेवल्या. माहीत नसणं तिला चाललं असतं. विचारल्यावर न बघणं चालत नव्हतं.

गुरुवार. जेवणाची सुट्टी. मशीन मोकळं.

तिनं डबा उघडलाच नाही. थेट काचेच्या खोलीत गेली, जिथे मालकीणबाई हिशेबाच्या वहीवर चष्मा ठेवून पोळी खात होत्या, आणि म्हणाली की उद्या मला उठवायचं असेल तर उठवा, पण आज अर्धा तास माझ्याकडे बघा. मालकीणबाईंनी फोरमनला बोलावलं. फोरमननं मेव्हण्याला. नणंद बोलावल्याशिवाय आली, हातात डबा घेऊनच.

सुईवालीनं चामडं काढून टाकलं. सुई वर उचलून घट्ट केली. डोकं शून्यावर नेलं आणि जिथे ते थांबलं तिथे पट्टीवर धारदार पेन्सिलीची रेघ मारली. मग मशीनला सांगितलं, वीतभर उजवीकडे जा, परत ये, असं तीनशे वेळा. बटण दाबलं आणि दोन्ही हात पाठीमागे धरून दोन पावलं मागे सरली.

"माझे हात बघत राहा," ती फोरमनला म्हणाली.

डोकं येरझाऱ्या घालू लागलं. नणंद घास घेता घेता मोजत होती. दीडशेला तिची चटणी संपली. फोरमन आधी हातांकडे बघत होता, मग छताकडे बघू लागला.

तीनशे झालं. डोकं थांबलं. रेघेपासून तीन मिलिमीटर उजवीकडे.

पट्टा घसरतो, फोरमन म्हणाला.

तिला हे अपेक्षितच होतं. तिनं परत शून्य धरलं. आता एकूण अंतर तेवढंच, पण वीतभर नव्हे, मशीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्यामुळे येरझाऱ्या जेमतेम साठ आणि वळणंही तेवढी कमी. पट्टा घसरत असेल तर तेवढाच घसरायला हवा. हात पाठीमागे. डोकं परत आलं तेव्हा फरक मिलिमीटरच्या निम्म्याहून थोडा जास्त. मालकीणबाईंनी चष्मा घालून स्वतः वाकून पाहिलं, आणि पोळीचा हात पदराला पुसला, जे त्या कधी करत नसत.

"अंतर तेच, वळणं कमी, चूक कमी," सुईवाली म्हणाली. "घसरतंय ते वळणाला. किल्ली द्या."

फोरमननं किल्लीवर हात ठेवला. पॅनेल उघडायचा अधिकार ऑपरेटरला नाही, असं त्यानं मालकीणबाईंना उद्देशून सांगितलं. तो नियम होताही. मग मेव्हणाच पुढे झाला. त्यानं दाजींच्या पट्ट्याची किल्ली न विचारता काढली, मुख्य बटण बंद केलं, ड्राइव्हवरचा दिवा विझेपर्यंत थांबला, आणि पाठमोराच म्हणाला, "चारही मीच फिरवल्या होत्या. दोन पुरल्या असत्या. यांनी विचारलं होतं मला."

त्यानं पिवळी आणि हिरवीची अदलाबदल केली. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. तीन आठवडे, आणि एक मिनिटसुद्धा नाही.

तीनशे येरझाऱ्या. नणंद या वेळी मोठ्यानं मोजत होती. डोकं परत आलं ते बरोबर रेघेवर, इतकं की पेन्सिलीची रेघ झाकली गेली.

इथे गोष्ट संपली असती तर फार बरं झालं असतं. मेव्हण्यानं पॅनेल लावलं, नणंदेनं वहिनीच्या पाठीवर थाप मारली. आणि फोरमननं मशीनची नोंदवही ओढून, सगळ्यांसमोर, शांतपणे लिहिलं: वायरमनने तांत्रिक दुरुस्ती केली. ऑपरेटरला समज दिली.

सुईवालीनं ते उलट्या बाजूनं वाचलं.

कसली समज, तिनं विचारलं. तो म्हणाला, असं लिहायची पद्धत आहे. मालकीणबाई म्हणाल्या, झालं ना आता, मशीन सुरू झालं, उद्याची चिठ्ठी नाही, तू आहेस तिथेच आहेस, मग कशाला वाढवायचं. त्या चांगल्याच बोलत होत्या. वाईट बोलल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं.

"मशीनमधली चूक निघाली," ती म्हणाली. "माझ्यावरची कुठे निघाली? ती फायलीत आहे. दोनदा. एकदा वरीलप्रमाणे."

फाइलमधले कागद काढता येत नाहीत, क्रमांक पडलेले असतात, फोरमन म्हणाला. काढू नका, ती म्हणाली, आणा. सुट्टी संपल्याची घंटा झाली. बाकीची माणसं जागेवर गेली, टेबलाटेबलांवरून हातोड्यांचे आवाज सुरू झाले. भोकं पाडणारं मशीन बंद होतं. ती त्याच्यासमोर स्टुलावर बसली आणि तिनं हात पुन्हा पाठीमागे धरले.

पाव तास. गोंदवाल्या टेबलाकडे तुकडे यायचे थांबले, तशी नणंदेनं ब्रश बरणीत ठेवला आणि हातावर हात ठेवून बसली. तिच्या पुढची बाईही बसली. मालकीणबाईंनी काचेतून एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि फाइल स्वतः घेऊन आल्या.

सुईवालीनं पहिल्या चिठ्ठीच्या खाली लिहिलं: लक्ष होते. पावलांच्या इशाऱ्याची वायरजोडी उलटी होती. बसवली त्याच दिवशी सांगितले होते. दुसऱ्या चिठ्ठीखाली तिनं तेच सगळं पुन्हा, शब्दन् शब्द, पूर्ण लिहिलं. मग नोंदवहीतलं 'ऑपरेटरला समज दिली' हे वाक्य एका सरळ रेघेनं खोडलं आणि पेन फोरमनपुढे धरलं. सही तीनही ठिकाणी हवी होती.

त्यानं मालकीणबाईंकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत होत्या. त्यानं मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, करा. मीही करतो." फोरमननं सही केली, अक्षर इतकं बारीक की वाचता येऊ नये. तिनं ती वाचली, आणि म्हणाली की खाली पूर्ण नावही लिहा.

त्यानं लिहिलं. तिनं मशीन सुरू केलं.

ड्राइव्ह जळण्याआधीच्या सहा वर्षांत तिचे एकूण नऊ तुकडे वाया गेले होते.