यिशुनच्या शेल्टरमधली गळाची काठी

मित्रांनो, मी जिथे उभी आहे त्या खोलीला इथले लोक शेल्टर म्हणतात. युद्ध झालं, बॉम्ब पडले, तर घरच्यांनी लपावं म्हणून बांधलेली जाड भिंतींची, लोखंडी दाराची ही खोली सिंगापूरच्या पुष्कळ फ्लॅटांत असते. बॉम्ब काही पडले नाहीत, म्हणून यिशुनमधल्या या फ्लॅटात तिची अडगळीची खोली झाली. माझ्या डावीकडे इस्त्रीचं टेबल आहे, उजवीकडे चाक मोडलेली बॅग आहे, आणि दोघांच्या मध्ये मी, एक जुनी गळाची काठी. इस्त्रीच्या टेबलाशी माझं बोलणं नाही. ते स्वतःला फार उपयोगी समजतं.

मी बांबूची नाही बरं का. मी कार्बनची, साडेसहा फूट, दोन तुकड्यांची, दोरी ओवायच्या सात कड्यांची आणि बुचाच्या मुठीची. कारखान्यात माझ्यासारख्या हजार जणी एकाच दिवशी तयार झाल्या, त्यामुळे जन्माचं कौतुक कुणी केलं नाही. कौतुक केलं ते माझ्या पहिल्या मालकाने, अंकल सेंगने. तो सेम्बावांगच्या शिपयार्डमध्ये वेल्डर होता. सुट्टीच्या दिवशी पहाटे मला घेऊन तो सेलेटारच्या जलाशयावर जायचा आणि पीकॉक बास पकडायचा. हिरव्या-सोनेरी अंगावर काळे पट्टे आणि शेपटीवर डोळ्यासारखा ठिपका असलेला हा मासा मोठा तापट असतो. तो भूक लागली म्हणूनच गळाला लागतो असं नाही. पुष्कळदा आपल्या हद्दीत कुणी शिरलं म्हणून चिडून झडप घालतो. त्याच्या पहिल्या धडकेला मी अर्धवर्तुळ व्हायची, आणि अंकल सेंग एवढंच म्हणायचा, "गुड रॉड." वीस वर्षांत त्याने मला दुसरा शब्द दिला नाही, आणि मला तो लागलाही नाही.

मग त्याचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना. त्याने मला पुसलं, रिळाला तेल घातलं आणि घराबाहेर कॉरिडॉरमध्ये चपलांच्या मांडणीमागे उभं केलं. सहा महिने मी तिथे होते. येणारे-जाणारे माझ्यावर छत्र्या टांगत. मासा पेलणाऱ्या अंगावर ओल्या छत्र्या! त्या दिवसांत मला फार एकटं वाटलं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

त्याच कॉरिडॉरमध्ये शेजारच्या फ्लॅटात उन्मेष राहायचा. तो वाईचा. इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करणारा, तिशी उलटलेला, एकटा मुलगा. सकाळी सातला प्रयोगशाळेत जायचा तो रात्री उगवायचा. गेल्या वर्षी त्याचे वडील विश्वासराव त्याच्याकडे आले. पोस्टातून निवृत्त झालेले, बायको चार वर्षांपूर्वी गेलेली. व्हिजिट पासची मुदत वाढवून वाढवून जेमतेम तीन महिने मिळाले होते. मुलाजवळ राहायला आलेला हा माणूस दिवसभर मुलाच्या रिकाम्या घरात राहू लागला. सकाळी पोळ्या करायचा, मुलाचं ताट झाकून ठेवायचा, आणि दुपारी कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाकून बसायचा. समोर मीच होते. दोन आठवडे आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो.

शेवटी अंकल सेंग दारात येऊन म्हणाला, "यू वॉन्ट? टेक, लाह." इथल्या लोकांच्या बोलण्याला हे 'लाह' शेपटासारखं चिकटलेलं असतं.

"नो, नो," विश्वासराव गडबडले. "वुई आर व्हेजिटेरियन."

"यू डोन्ट ईट, नेव्हर माइंड. कॅच, देन लेट गो. सेम लाइक मी."

विश्वासरावांनी मला हातात घेतलं. मूठ त्यांनी छत्रीच्या दांड्यासारखी धरली. मी मनात म्हटलं, झालं आपलं कल्याण.

दुसऱ्या दिवशी दोघं म्हातारे मला घेऊन जलाशयावर गेले. मासे धरायला परवानगी असलेला लाकडी धक्का तिथे आहे. विश्वासरावांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं, आणि अंकल सेंग दोन पावलं मागे सरकला. डब्यात मळलेली कणीक होती आणि तिच्यात सढळ हाताने हिंग घातला होता. मित्रांनो, वाईच्या घाटावर विश्वासरावांनी जन्मभर माशांना कणकेच्या गोळ्या घातल्या होत्या. मासे पकडायचे नाहीत, खाऊ घालायचे, एवढंच त्यांना ठाऊक. हिंगाच्या वासाने मासे लवकर जमतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी निगुतीने एक गोळी वळली आणि माझ्या गळाला लावली.

"माय फ्रेंड, कॅनॉट!" अंकल सेंग नाक धरून म्हणाला. त्याने पाटी दाखवली. इथे खरं आमिष लावायला बंदी; फक्त खोटा मासा चालतो. "अँड बास डोन्ट ईट चपाती."

विश्वासराव ओशाळले. त्यांनी गोळी काढून डब्यात ठेवली आणि डबा बंद केला. मग त्यांच्या मोडक्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं, की उन्मेष लहान असताना दर रविवारी बापलेक घाटावर बसायचे. मुलगा प्रत्येक माशाला नाव द्यायचा आणि एका माशाला दोन गोळ्या गेल्या तर भांडायचा. आता तो मुलगा रात्री जेवताना फोनकडे बघत जेवतो. परत जायच्या आधी एक रविवार त्याला इथे पाण्याकाठी आणून बसवायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. "फिश इज नॉट इम्पॉर्टंट," ते म्हणाले. अंकल सेंगने मान डोलावली. त्याचा स्वतःचा मुलगा ऑस्ट्रेलियात असतो.

पण मुलाला काय दाखवायचं? कणीक तर चालत नाही. म्हणून विश्वासराव शिकायला लागले. असा विद्यार्थी मी पाहिला नव्हता. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, इथे तिला व्हॉइड डेक म्हणतात, माझ्या दोरीला खोडरबर बांधून ते रोज तासभर फेकण्याचा सराव करायचे. आधी दोरीवरचं बोट उशिरा सोडायचे, खोडरबर पायावर आपटायचं. मग लवकर सोडायला लागले, ते छताला लागायचं. एकदा दोरीचा असा गुंता झाला, की तो सोडवण्यात अख्खी दुपार गेली. पण माणूस पोस्टातला. गाठी सोडवायची सवय असावी. तिसऱ्या आठवड्यात खोडरबर त्यांना हवं तिथे, समोरच्या खांबाच्या बुंध्याशी पडू लागलं.

जलाशयावर मग अंकल सेंगने पुढचे धडे दिले. बुडालेल्या झाडाजवळ टाका, कारण बास तिथे दबा धरून असतो. खोटा मासा ओढताना मध्येच थांबवा, घाबरल्यासारखा पळवा. धडक बसली की माझं टोक वर धरा, पण घाईने खेचू नका; त्याला पळू द्या, दमू द्या. विश्वासराव सगळं एका वहीत लिहून घ्यायचे आणि रात्री उन्मेषला सांगायचे.

"भारीच की बाबा," उन्मेष म्हणायचा. "या रविवारी जाऊ या."

त्या रविवारी त्याचा रिपोर्ट निघाला. पुढच्या रविवारी कुठल्याशा यंत्रावर त्याचा नंबर लागला होता. त्याच्या पुढच्या रविवारी तो दमला होता. विश्वासराव दर शनिवारी दोन टोप्या काढून ठेवायचे आणि दर रविवारी एक परत कपाटात ठेवायचे. त्यांनी कधी तक्रार केली नाही. मला मात्र त्यांच्या त्या गप्प बसण्याचाच राग यायचा.

मुदत संपायच्या आठवड्यात, एका बुधवारी, विश्वासराव एकटेच धक्क्यावर होते. अंकल सेंग खांदा दाखवायला दवाखान्यात गेला होता. बुडालेल्या झाडाशी त्यांनी सुरेख फेक केली, दोनदा ओढलं, थांबले, आणि अशी धडक बसली की माझी मूठ त्यांच्या हातात थरथरली. रीळ करकरलं. विश्वासराव "अरे, अरे, अरे!" एवढंच म्हणत होते, पण वहीत लिहिलेलं सगळं त्यांच्या हातांना आठवत होतं. पाच-सात मिनिटांनी मासा काठाशी आला. केवढा सुंदर होता तो! शेपटीवरचा डोळा उन्हात चमकत होता.

मग त्यांनी काय केलं असेल? मला काखेत धरलं, खिशातून फोन काढला आणि उन्मेषला व्हिडिओ कॉल लावला. फोन वाजत राहिला. त्यांनी पुन्हा लावला. पलीकडून मेसेज आला, 'मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो.' मासा पाण्यातच होता, कल्ले हलवत. अंकल सेंगने बजावलं होतं, दमलेल्या माशाला ताटकळत ठेवायचं नाही. विश्वासरावांनी इकडेतिकडे पाहिलं. धक्क्यावर कुणीही नव्हतं. त्यांनी वाकून गळ काढला, माशाच्या पोटाखाली हात धरला आणि त्याला सोडून दिलं.

रात्री त्यांनी सांगितलं, "आज मासा लागला होता."

"काय सांगता! फोटो?"

"राहिला काढायचा."

उन्मेषने चमच्यातला घास तसाच धरला. "त्यासाठी फोन केला होतात? सॉरी, बाबा. या रविवारी नक्की. शंभर टक्के."

तो शेवटचा रविवार होता. रात्रीचं विमान होतं. विश्वासराव पहाटेच उठले. थर्मासमध्ये चहा भरला, मला जोडून तयार केलं, दोन्ही टोप्या काढल्या आणि उन्मेषच्या खोलीपाशी गेले. तो प्रयोगशाळेतून नुकताच आला असावा. पायांत मोजे तसेच ठेवून आडवा झाला होता. विश्वासराव मला हातात धरून दारात उभे राहिले. "उन्मे..." एवढंच म्हणाले आणि थांबले. मला वाटलं, मोठ्याने हाक मारा की हो! हलवा त्याला! मला तोंड असतं तर मीच ओरडले असते. पण त्यांनी मला भिंतीला टेकवलं, हलक्या हाताने मुलाचे मोजे काढले, पंखा लावला आणि दार ओढून घेतलं. मग स्वयंपाकघरात बसून एकट्यानेच चहा प्यायले. नंतर माझे दोन तुकडे केले, कडीन् कडी पुसली आणि मला या शेल्टरमध्ये आणून ठेवलं. नऊ वाजता उन्मेष उठला.

"बाबा, उठवलं का नाहीत?"

"झोपला होतास छान."

"पुढच्या वेळी नक्की."

पुढच्या वेळी! विश्वासराव हसले. मला हसू आलं नाही.

ते गेले, आणि मी पुन्हा एकटी पडले. छत्र्यांचा तरी शेजार होता. इथे तर उजेडही दाराच्या फटीतून येतो तेवढाच. एकदा अंकल सेंग दारावर आला आणि त्याने विचारलं, "युवर फादर कम बॅक व्हेन?" उन्मेष म्हणाला, "नेक्स्ट इयर, अंकल." त्यानंतर अंकल सेंग आला नाही. दर रविवारी दुपारी वाईहून फोन येतो, उन्मेष तो स्पीकरवर लावतो, म्हणून मला इथे ऐकू येतो. जेवलास का, पाऊस आहे का, आणि मग ठरलेला प्रश्न, "काठी पुसतोस ना रे? तिथली हवा दमट, कड्या गंजतात."

"हो बाबा, पुसतो."

मित्रांनो, आठ महिने मी हे 'हो' ऐकलं. माझ्या मुठीवर बुरशी धरली, तिसऱ्या कडीवर तांबूस गंज चढला, आणि एका कोळ्याने माझ्यात आणि इस्त्रीच्या टेबलात जाळं विणलं.

गेल्या रविवारी विश्वासरावांनी जरा वेगळंच विचारलं. "मुठीचं बूच कसं आहे, बघून सांग पाहू." आता मात्र उन्मेषला उठावं लागलं. लोखंडी दार करकरलं. त्याने टेबल सरकवलं आणि मला पाहिलं. मग तिथेच जमिनीवर बसला.

"बाबा, मी नाही पुसली. एकदाही नाही."

"बरं," विश्वासराव म्हणाले. "मग आता पूस. मी आहे फोनवर. कोरडं फडकं घे, खालच्या कडीपासून सुरू कर."

उन्मेषने मला मांडीवर घेतलं. तो पुसत होता आणि विश्वासराव पलीकडून सांगत होते, जोर लावू नको, आतून बोट फिरव. चौथ्या कडीपाशी त्याचा हात थांबला.

"बाबा, त्या रविवारी तुम्ही खोलीत आला होतात ना? मी जागा होतो. मला... मला उठायचंच नव्हतं."

पलीकडे कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला. मी श्वास रोखून धरला असता, मला श्वास असता तर.

"ठाऊक आहे मला," विश्वासराव म्हणाले. "मोजा काढताना तू पाय उचलला होतास."

उन्मेषने डोळ्यांना फडकं लावलं, त्याच्यावर गंज होता हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, त्यांना तेलपाणी करा, असं माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं. मी एवढंच म्हणते, की माझ्यावर गंज चढला तर तो पुसता येतो, पण दारात उभं राहून कुणी अर्धी हाक मारली, तर ती पुरी होण्याची वाट बघू नका. तेव्हाच ओ द्या.

"उन्मेष," फोनमधून आवाज आला, "तीन कड्या राहिल्यात."

"हो बाबा," तो म्हणाला, आणि पाचवी कडी पुसायला लागला.