कोरडा गुरुवार

बशीच्या कडेला ठेवलेलं अर्धं बिस्किट... त्यावरचा चॉकलेटचा थर चहाच्या वाफेनं मऊ पडत चालला होता, आणि नोरीन त्याच्याकडेच बघत राहिली होती. मान वर केली असती तर शेजारी फिंटन दिसला असता. शिक्षकांच्या बैठकीत आपलं बिस्किट मोडून अर्धं तिच्या बशीत ठेवायचं, ही त्याची कित्येक वर्षांची सवय. समोर गॉलवेहून आलेल्या प्रशिक्षक बाई सांगत होत्या, की मुलांना त्रास देणारा माणूस चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. पुष्कळदा तो सगळ्यांना आवडणारा, अडीनडीला धावून येणारा असतो.

“संपलं,” फिंटन सगळ्यांना ऐकू जाईल असं कुजबुजला. “उद्यापासून मला खडूस व्हायला लागणार.”

सगळे हसले. नोरीनही हसली.

अडीनडीला धावून येणारा... आई कॅसलबारच्या इस्पितळात होती तेव्हा शाळा सुटल्यावर रोज हाच तिला गाडीतून न्यायचा, बाहेरच्या बाकावर वह्या तपासत बसायचा, आणि परतताना अवाक्षर काढायचा नाही, कारण तिला बोलायचं नसतं हे त्याला न सांगता कळायचं. अशा माणसाबद्दल आपण मनात काय घेऊन बसलोय? पाहिलं तरी काय? त्या गुरुवारी बंदराच्या धक्क्याजवळ त्याची गाडी उभी होती, पुढच्या सीटवरून रोशीन उतरली. बस्स. पण रोशीनचं घर पार टेकडीपलीकडे... आणि एरवी लांबूनच हात हलवणारी ही आपल्या वर्गातली पोर, आपल्याला बघून मान खाली घालून निघून गेली. दुसऱ्या दिवशी फिंटन आपणहून म्हणाला होता, “काल काय कोसळत होता गं. रोशीन भिजत चालली होती, सोडलं तिला घरी.”

“बरं केलंस,” ती म्हणाली होती. आदल्या दिवशी अंगणात घातलेल्या चादरी संध्याकाळी कडकडीत वाळलेल्या मिळाल्या होत्या, हे तिला तेव्हाच, ‘बरं केलंस’ म्हणता म्हणताच आठवलं होतं.

मग ती स्वतःची समजूत घालत राहिली — इथला पाऊस काय, या वळणावर पडतो, त्या वळणावर नाही. वर्गात रोशीननं हात वर करणं सोडलं. आणि नोरीननं तिच्या बाकाकडे बघणं.

“खात्री करून घेणं तुमचं काम नाही,” बाई म्हणत होत्या. “दिसलं ते सांगा. तुमची खात्री पटेपर्यंत ते मूल कुठं जाणार?”

बैठकीच्या मधल्या सुट्टीत फिंटन जवळ आला. “चेहरा का उतरलाय तुझा? डोकं दुखतंय? घरी सोडू?”

“नको. उनाकडे जरा काम आहे.”

उना मुख्याध्यापिका, अशा गोष्टी तिच्याच कानावर घालायच्या होत्या. नोरीननं सांगितलं — गाडी, धक्का, खाली घातलेली मान, चादरी. बोलताना ते सगळं इतकं किरकोळ वाटायला लागलं, की तिची तिलाच लाज वाटली.

“कधीची गोष्ट?”

“तीन आठवडे झाले.”

उनानं तिच्याकडे पाहिलं. आधी का बोलली नाहीस, असं तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. “पुढचं मी बघते. त्याच्याशी बोलू नकोस. रोशीनलाही काही विचारू नकोस.”

“माझी चूक होत असेल तर?”

“तर चूक होत असेल,” उना म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात सभागृहातून फिंटनचा आवाज ऐकू येत होता. तो कुणाची तरी नक्कल करत होता. सांगून टाकलं की मोकळं वाटेल, असं तिनं गृहीत धरलं होतं... उलट आता आत जाऊन त्याच्याच शेजारी बसायचं होतं. आपण त्याचं काय करून बसलो? खरं निघू दे, ती मनात म्हणाली, निदान खरं तरी निघू दे, नाहीतर त्याला तोंड कसं दाखवू — आणि मग, उशिरा, तिच्या लक्षात आलं की खरं निघायचं म्हणजे रोशीनवर ते ओढवलेलं असायला हवं. इतकं कळूनही ती इच्छा तिला मागे घेता येईना.